व्हर्च्युअल डेस्कटॉपची डीआर (आपत्तीत पर्यायी केंद्रातून सेवा परत सुरू करण्याची) चाचणी 'यशस्वी' दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
व्हर्च्युअल डेस्कटॉप सेवा विभाग

विषय: डीआर चाचणीचा अहवाल अमान्य असल्याबाबत, तसेच योजना दुरुस्त करून फेरचाचणी घेण्याबाबत.

संदर्भ: सेवा कराराचे डीआर परिशिष्ट (600 डेस्कटॉप, आरटीओ म्हणजे सेवा परत सुरू होण्याची मुदत 4 तास, आरपीओ म्हणजे जास्तीत जास्त किती वेळेचे काम हरवले तर चालेल ती मर्यादा 1 तास), आपले रनबुक (डीआरच्या पायऱ्यांची लेखी यादी) व चाचणी अहवाल.

महोदय/महोदया,

मुख्य केंद्राचे नेटवर्क तोडून सकाळी 9 वाजता चाचणी सुरू झाली. 'सर्व व्हीएम (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशीन) 12 वाजून 10 मिनिटांनी चालू झाल्या, म्हणजे 3 तास 10 मिनिटांत उद्दिष्ट साध्य' असे आपला अहवाल सांगतो. आमच्या नोंदी वेगळे सांगतात. दुपारी 1 वाजता, म्हणजे चार तास पुरे झाले तेव्हा, चाचणीसाठी बसवलेल्या 120 जणांपैकी 41 जण आपापल्या प्रोफाइलसह (स्वतःच्या सेटिंग आणि फाइलींसह) काम करत होते. 52 जणांना कोरे डेस्कटॉप मिळाले होते आणि 27 जण लॉगिनच्या पानापर्यंतही पोहोचले नव्हते. व्हीएमला वीज मिळाली की डेस्कटॉप परत आला, हे मोजमाप आम्हाला मान्य नाही. वापरकर्ता लॉगिन होऊन त्याची फाइल उघडली, तिथे घड्याळ थांबते.

सर्वात गंभीर बाब त्या 52 कोऱ्या डेस्कटॉपची. आपल्याकडे डेस्कटॉपचे दोन पूल (गट) आहेत आणि डीआरच्या फाइल सर्व्हरचा पत्ता देणारी ग्रुप पॉलिसी (मशीनना एकत्र सेटिंग देणारा नियम) एकाच पूलच्या ओयूला, म्हणजे डिरेक्टरीतल्या विभागाला, जोडलेली होती. दुसऱ्या पूलमधले एफएसलॉजिक्स (प्रोफाइल जोडून देणारे सॉफ्टवेअर) मुख्य केंद्राच्याच सर्व्हरवर कंटेनर, म्हणजे वापरकर्त्याचे प्रोफाइल साठवणारी डिस्क-फाइल, शोधत राहिले. तो सापडला नाही की मूळ सेटिंगनुसार लॉगिन अडवले जात नाही, विंडोज गुपचूप स्थानिक प्रोफाइल तयार करून देते. पडद्यावर लाल अक्षरात काही येत नाही. नेहमीचा वॉलपेपर नाही, शॉर्टकट नाहीत, आउटलुक नव्याने खाते विचारते, एवढेच. माणसाला वाटते काहीतरी रीसेट झाले असेल. तो काम करतो, फाइल डेस्कटॉपवर ठेवतो, लॉगऑफ करतो. नॉन-पर्सिस्टंट (लॉगऑफनंतर काहीही जपून न ठेवणारी) मशीन त्याच क्षणी पुसली जाते आणि फाइलही तिच्याबरोबर जाते. खऱ्या आपत्तीत हे नुकसान आपल्या कोणत्याही आरपीओच्या हिशेबात दिसणार नाही, कारण ते फेलओव्हरनंतर, म्हणजे सेवा डीआर केंद्राकडे वळल्यानंतर, झालेले असेल. एफएसलॉजिक्सची 'प्रिव्हेंटलॉगिनविथफेल्युअर' ही नोंद 1 केली असती तर लॉगिन अडले असते आणि चूक पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडली असती. अडलेले लॉगिन परवडते, हरवलेले काम परवडत नाही.

आरपीओचे गणितही बसत नाही. प्रोफाइल शेअरचे रेप्लिकेशन (डीआरकडे प्रत पाठवणे) दर तासाला सुरू होते, पण आपल्याच लॉगनुसार एक फेरी संपायला 95 मिनिटे लागत आहेत. दर वेळी नवी फेरी जुनीच्या शेपटीवर पाय देते. कारण उघड आहे: आउटलुकची ओएसटी फाइल (मेलची स्थानिक प्रत) त्याच कंटेनरमध्ये आहे आणि ती दिवसभर बदलत असते. ती वेगळ्या ऑफिस कंटेनरमध्ये काढा आणि त्याचे रेप्लिकेशन बंद ठेवा. मेल सर्व्हरवर असतेच, ओएसटी पुन्हा तयार होते. मात्र मग डीआरच्या दिवशी सगळ्यांचे आउटलुक एकदम मेल उतरवू लागेल आणि लाइन गुदमरेल. म्हणून कॅश्ड मोडची मुदत (किती काळाची मेल उतरवून ठेवायची ती) 1 महिन्यावर आणावी लागेल. शिवाय कंटेनर जोडलेले असतानाच त्यांचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतले जातात, म्हणजे वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी राहते तशी ही प्रत असते. बहुतेक उघडतात, काही उघडत नाहीत. या वेळी 3 उघडले नाहीत. त्यांच्यासाठी मागच्या स्नॅपशॉटवर जाण्याची पायरी रनबुकमध्ये हवी होती, ती नाही.

आता क्षमतेकडे. प्रत्येक डेस्कटॉपला 8 जीबी मेमरी, असे 600 डेस्कटॉप, म्हणजे 4800 जीबी. डीआर क्लस्टरमध्ये 768 जीबीचे 6 होस्ट (डेस्कटॉप चालवणारे सर्व्हर) आहेत, एकूण 4608 जीबी. एक होस्ट बिघडण्याची तरतूद म्हणून बाजूला ठेवला की 3840 उरतात, म्हणजे जेमतेम 480 डेस्कटॉप, आणि हायपरव्हायजरची (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मेमरी यात धरलेलीच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपण ओव्हरकमिट करून, म्हणजे असलेल्या मेमरीपेक्षा जास्त वाटून, 600 मशीन उभ्या केल्या खऱ्या, पण होस्ट स्वॅप करू लागले (मेमरीऐवजी संथ डिस्क वापरू लागले) आणि साधी स्प्रेडशीट उघडायला मिनिटभर लागले. हे कळायला चाचणीची गरज नव्हती, बेरीज-वजाबाकी पुरेशी होती.

600 पैकी 200 मशीन ब्रोकरकडे (वापरकर्त्याला डेस्कटॉप नेमून देणाऱ्या सर्व्हरकडे) नोंदल्याच गेल्या नाहीत, त्याचे कारण अहवालात 'तात्पुरती नेटवर्क अडचण' असे दिले आहे. ती तात्पुरती नव्हती. डीआरमधली गोल्डन इमेज (जिच्यावरून सर्व डेस्कटॉप तयार होतात ती मूळ प्रत) जुनी निघाली, कारण तिची प्रत हाताने, महिन्यातून एकदा नेली जाते. पूल एकदा उभा केला, चूक लक्षात आली, पूल पाडून पुन्हा उभा केला. दुसऱ्या खेपेच्या मशीनचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डची ओळख) नवे होते, आणि पहिल्या 600 मशीननी घेतलेले आयपी कोणी परत केले नव्हते. आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीची लीज (पत्ता राखून ठेवण्याची मुदत) विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे 8 दिवसांची, स्कोप /22, म्हणजे वापरता येणारे 1022 पत्ते. त्यातले 22 पत्ते राखीव, उरले 1000. 600 आधीच अडकलेले, म्हणून 400 मशीनना पत्ता मिळाला आणि 200 मशीन 169.254 ने सुरू होणारा (डीएचसीपीकडून काही न मिळाल्यावर मशीन स्वतःच घेते तो) पत्ता घेऊन बसल्या. नॉन-पर्सिस्टंट पूलसाठी लीज काही तासांचीच ठेवायची असते.

लॉगिनच्या पानापर्यंत न पोहोचलेल्या 27 जणांमागे दोन कारणे आहेत. गेटवेच्या (बाहेरून जोडणी घेणाऱ्या सर्व्हरच्या) डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, 86400 सेकंद होता, त्यामुळे थिन क्लायंट (वापरकर्त्यांच्या टेबलावरची साधी यंत्रे) जुनाच आयपी धरून बसले. तो 300 वर हवा, आणि कायमचा, आपत्तीच्या सकाळी बदलून उपयोग नाही. दुसरे म्हणजे डीआर गेटवेच्या सर्टिफिकेटमध्ये आमचे नेहमीचे नाव नव्हते.

रनबुकबद्दल फार लिहीत नाही. त्यात सर्व्हर सुरू करण्याचा क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार लावला आहे. त्यामुळे ब्रोकर डेटाबेसच्या आधी उठला आणि बंद पडला. अॅक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते व मशीनची नोंदवही), डीएनएस आणि वेळेची जुळणी आधी (घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनची ओळख पटवणारे केर्बेरॉस नकार देते), मग डेटाबेस आणि फाइल सर्व्हर, मग ब्रोकर, मग गेटवे, शेवटी पूल. आणि पूलही 50-50 मशीनच्या तुकड्यांत, नाहीतर बूट होतानाच स्टोरेज मान टाकते. रनबुकची एकमेव प्रत आणि पासवर्ड व्हॉल्ट मुख्य केंद्राच्याच शेअरवर होते, हे आपल्या अभियंत्याला नेटवर्क तोडल्यावर कळले. शेवटी केबल पाच मिनिटे परत जोडून ते उतरवून घेतले गेले. खऱ्या आगीत ती केबल जोडायला कोणी जाणार नाही.

फेलबॅकचा (मुख्य केंद्राकडे परत जाण्याचा) तर योजनेत उल्लेखच नाही. डीआरमध्ये चार दिवस काम झाले आणि उलट दिशेचे रेप्लिकेशन न करता मुख्य केंद्र सुरू केले, तर जुने कंटेनर नव्यांवर चढतील.

आमच्या मागण्या अशा: 'यशस्वी' हा शेरा मागे घेऊन सुधारित अहवाल 7 दिवसांत द्यावा. आणखी दोन होस्ट आपल्या खर्चाने बसवावेत किंवा करारातला 600 हा आकडा कमी करून त्या प्रमाणात शुल्क घटवावे. वरील त्रुटी दूर करून, फेलबॅकसह, 30 दिवसांत फेरचाचणी घ्यावी. तिची वेळ आमच्या 120 जणांच्या लॉगिनवरून मोजली जाईल आणि त्या दिवशी मुख्य केंद्राची केबल कोणत्याही कारणासाठी परत जोडली जाणार नाही. तोवर डीआर सेवेचे देयक आम्ही रोखून ठेवत आहोत.

सोबत: लॉगिन नोंदी, डीएचसीपी स्कोपचा तक्ता, रेप्लिकेशन लॉगची प्रत.

आपले विश्वासू,
माहिती तंत्रज्ञान विभाग
(ग्राहक संस्थेच्या वतीने)