हिरड्या दुखतात म्हणून ताट मऊ करू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू म्हणालीस की चूळ भरताना रक्त दिसतं, बाबांना भाकरी चावत नाही, म्हणून सकाळी चहा-टोस्ट आणि रात्री गुरगुट्या भात असं सुरू केलंय. फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून लिहून पाठवते. वहिनीलाही वाचायला द्या.

टोस्ट, खारी आणि बटर आधी बंद करा. मऊ लागतात म्हणून बरे वाटतात, पण मैद्याचा लगदा हिरडीच्या कडेला चिकटून बसतो. बाबांच्या हिरड्या खाली सरकल्यात, दातांची मुळं उघडी पडलीत. मुळावर इनॅमलचं कवच नसतं, तिथं कीड लवकर लागते. शिवाय दुखरी हिरडी बरी व्हायला जे लागतं, ते टोस्टात जवळजवळ नसतंच. म्हणजे दुखतं म्हणून मऊ खायचं, आणि मऊ खाल्ल्यानं अजून दुखायचं. ताट आपलं नेहमीचंच ठेवा, फक्त चिरण्या-शिजवण्याची रीत बदला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. दातावर साचलेलं कीटण कुठल्याही खाण्यानं निघत नाही. ते दवाखान्यातच काढावं लागतं. खाण्याचं काम पुढचं: साफ झालेली हिरडी लवकर भरून येणं आणि परत न सुजणं.

हिरडीचं मांस ज्या धाग्यांनी विणलेलं असतं, ते कोलॅजेन. ते घडवायला क जीवनसत्त्व लागतं. आपलं शरीर ते स्वतः बनवत नाही आणि फार दिवस साठवतही नाही, म्हणून रोज पोटात जायला हवं. बाबांना रोज 80 मिलिग्रॅम, आई तुला 65. जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून दात हलायचे. 1747 मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरनं त्यांना संत्री-लिंबं देऊन फरक दाखवला. आपल्याकडे इतकी उणीव सहसा होत नाही, पण फक्त चहा, टोस्ट आणि भात खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती हळूहळू गाठू शकते.

इथं एक गैरसमज घरोघरी आहे. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व, असं नाही. चिंचेत ते नावाला असतं, आमसुलातही तेच. म्हणून चिंच घातलेल्या कटावर किंवा आमटीवर भिस्त ठेवू नका. एका लिंबाच्या रसातून साधारण 15 मिलिग्रॅमच मिळतं. पेरूच्या 100 ग्रॅम गरात मात्र 200 च्या आसपास असतं, म्हणजे मध्यम पेरूचा अर्धा भाग एकाला दिवसभर पुरतो. बाबांसाठी बियांचा गाभा चमच्यानं काढून टाक आणि बाकीचा गर किसून दे. बिया दातांच्या फटीत अडकून हिरडीला टोचतात. बाबांना साखरेचा त्रास असला तरी जेवणाबरोबर अर्धा पेरू चालतो. मीठ-साखर भुरभुरू नका. पेरू नसेल तेव्हा थंडीत अर्धा आवळा किसून कोशिंबिरीत घाला. मुरवलेल्या लोणच्यातल्या लिंबावर विसंबू नका, त्यातलं बरंच निघून गेलेलं असतं.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं जातं. त्यामुळे मेथी, राजगिरा, आंबाडी आधी धुवा आणि मग चिरा. चिरून पाण्यात भिजत ठेवली तर बरंचसं पाण्याबरोबर मोरीत जातं. झाकण ठेवून, कमी पाण्यात, थोडा वेळच शिजवा. पाला उकडलाच तर ते पाणी आमटीत घाला. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा टाकू नका. लिंबू नेहमी भांडं खाली उतरल्यावर पिळा. कोथिंबीरही वरून, कच्ची, मूठभर घाला. चिमूटभर नको. मूग रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधले की मोडाबरोबर क जीवनसत्त्व तयार होतं, कोरड्या मुगात ते जवळजवळ नसतं. ती उसळ गाळ करायची नाही, वाफेवर मऊ होईल इतकीच शिजवायची.

आवळ्याची फोड तासभर तोंडात धरायची सवय मात्र सोडा, उघड्या मुळांना आंबट झोंबतं आणि झिजवतं. आंबट खाल्लं की साध्या पाण्यानं चूळ भरा, आणि ब्रश अर्ध्या तासानंतर करा.

आता प्रथिनं. तुमच्या वयाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1 ग्रॅम धरा. बाबा 60 किलो, म्हणजे 60 ग्रॅम. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून 12 मिळतात, 30 ग्रॅम डाळीच्या घट्ट आमटीतून 7, मूठभर शेंगदाण्यांतून 7, पेलाभर दुधातून 6, एका अंड्यातून 6. बेरीज केलीस की कळेल, भात-आमटीवर ती निम्मीही होत नाही. मसूर, मटकी, हरभरा दोन्ही वेळेला हवेत, आणि आमटी पातळ पाण्यासारखी नको. दाणे चावत नसतील तर कूट करून भाजीत, दह्यात घाला, नाहीतर शेंगांची चटणी बारीक कुटा. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, पातळ थापा, आणि गरम असतानाच कुस्करून आमटीत किंवा ताकात पाच मिनिटं मुरू द्या. बाबांना नुसता भात देण्यापेक्षा हा काला कितीतरी बरा. चावताना एकच बाजू वापरू नका.

दात ज्या जबड्याच्या हाडात रुतलेत, त्याला कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून रोज एक वाटी आंबील ताक घालून, बिनसाखरेची प्या. जवसाची चटणी रोज चमचाभर खा, पण जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खं असेल तर तसंच बाहेर पडतं. सूज कमी करायला त्याचा थोडा उपयोग होतो, फार मोठी अपेक्षा नको.

गोड किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता, हे जास्त महत्त्वाचं. दर चहाला साखर, वर बिस्कीट, म्हणजे तोंडात दिवसभर आम्ल. लाळेला ते निववायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. चहा दोनदाच, तोही जेवणाखाण्याला जोडून घ्या. गोकाकचा करदंट, बेळगावचा कुंदा कुणी आणला तर जेवण झाल्यावर लगेच खाऊन संपवा, डबा उघडून मधे मधे नको. करदंट तर हलत्या दाताला चिकटून ओढतो. बाबा, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या पिकल्या की साखर आवरत नाही. दर तीन महिन्यांनी एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या.

आई, तुझ्या मिश्रीबद्दल आणि बाबांच्या चुना-तंबाखूबद्दल. निपाणी भागात हे रोजचंच, म्हणून त्यात कुणाला काही वाटत नाही. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आत मात्र हाड झिजत असतं. सोडल्यावर काही दिवस रक्त थोडं जास्त दिसेल. तेव्हा घाबरून परत मिश्रीकडे वळू नकोस, वाहिन्या मोकळ्या होत असतात. मीठ-कोळसा घासणंही बंद. मऊ ब्रश, दोन मिनिटं, रात्री झोपण्याआधी नक्की. रक्त येतं ती जागा सोडू नका, तिथंच हळुवार फिरवा.

दोन आठवडे हे सगळं नीट करून रक्त थांबलं नाही, पू आला, दात हलू लागला, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा दोन आठवडे राहिला, तर थांबू नका. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळाची दंत महाविद्यालयं आहेत, तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडे जा. कीटण काढल्यावर दात ढिले होतात, असं गावात म्हणतात. ते खरं नाही. कीटणानं भरलेल्या फटी मोकळ्या होतात, म्हणून तसं वाटतं.

बाबांच्या बीपीच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन असेल तर त्यानंही काहींच्या हिरड्या फुगतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर रक्त जास्त येतं, आणि त्यात वॉरफरिन निघालं तर पालेभाजी एकदम वाढवायची नाही, रोज सारख्याच मापानं खायची. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. दोघांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे मागच्या बाजूचे फोटो आज रात्रीच वहिनीकडून पाठवा, मी नावं वाचून सांगते.

तुमची लेक