क्षेत्रफळ छापताना वर्ष आणि व्याख्याही छापा

संपादक, स. न. वि. वि.

सातबारा हातात आला की शेतकरी लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब (लागवडीस अयोग्य भाग) आणि एकूण क्षेत्र वेगवेगळे वाचतो. दोन हेक्टरच्या गटात वीस आर पोटखराब असेल, तर ‘दोन हेक्टर’ही खरे आणि ‘एक हेक्टर ऐंशी आर’ही खरे. देशाच्या क्षेत्रफळाकडे बघताना मात्र हे भान सुटते. भारताचे भौगोलिक क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौ. किमी आहे, तर आंतरराष्ट्रीय तक्त्यांत २९,७३,१९० हा आकडा सापडतो. एक आकडा जुन्या पुस्तकातून आणि दुसरा नव्या तक्त्यातून उचलला, तर देश तीन लाख चौ. किमीने आकसला असे वाटेल. प्रत्यक्षात दुसरा आकडा निव्वळ भूक्षेत्राचा आहे. नद्या, तलाव आणि धरणे यांचे पाणी त्यातून वगळलेले असते.

दुसरी गफलत लोकसंख्येच्या घनतेच्या गणितात होते. ३२,८७,२६३ मध्ये पाकिस्तान आणि चीन यांच्या ताब्यातला १,२०,८४९ चौ. किमी भाग धरलेला आहे. तिथे जनगणना होत नाही, म्हणून घनता काढताना तो वजा करतात. २०११ ची १२१.०९ कोटी लोकसंख्या उरलेल्या ३१,६६,४१४ चौ. किमीने भागली की ३८२ ही अधिकृत घनता येते. पूर्ण आकड्याने भागले तर ३६८ येते, आणि विद्यार्थी आपला भागाकार चुकला समजून पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

‘भूक्षेत्र’ म्हणजे काय, हे नंदुरबार जिल्ह्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरले. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली नर्मदाकाठची जमीन पाण्याखाली गेली. जिल्ह्याची हद्द जागच्या जागी, भौगोलिक क्षेत्रफळ तेवढेच, आणि भूक्षेत्र मात्र कमी. तिकडे नवापूरच्या बाजूला उकाई धरणाच्या मागे साठणाऱ्या पाण्याचा फुगवटा. आता गाळपेर जमिनीचे काय करायचे? पावसाळ्याच्या शेवटी जिथे पाणी असते, तिथेच पाणी ओसरल्यावर पेरा होतो. उपग्रहाचे चित्र ऑक्टोबरचे घेतले तर ती पाण्यात मोजली जाते, मे महिन्याचे घेतले तर जमिनीत. म्हणून दोन वर्षांची तुलना करायची तर चित्रे एकाच महिन्याची हवीत, शिवाय दोन्ही तारखांची जलाशयाची पातळी सोबत नोंदवलेली हवी. एवढे केले नाही, तर पावसाचा फरक जमिनीच्या नावावर चढतो.

संगणकावर मोजणाऱ्यांची चूक वेगळीच असते. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यात विषुववृत्तापासून जितके लांब जावे तितके क्षेत्र फुगते. कन्याकुमारीजवळ ही फूग सुमारे २ टक्के, आपल्या खान्देशात २१ अंश अक्षांशावर जवळपास १५ टक्के, आणि लडाखमध्ये तर क्षेत्र दीडपटीच्या आसपास दिसते. जळगाव जिल्ह्याची सीमा त्याच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) ठेवून सपाट क्षेत्रफळ काढले, तर ११,७६५ चौ. किमीचे साधारण साडेतेरा हजार होतात. आकडा दशांशासकट येतो, त्यामुळे शंकाही येत नाही. देशासाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारे, प्रक्षेपण घ्यावे किंवा थेट पृथ्वीच्या लंबगोलावर क्षेत्रफळ काढावे. एकट्या खान्देशापुरता यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणाचा, ४३ वा पट्टा पुरतो. त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांचे, ते अमळनेरच्या अगदी जवळून जाते; तिथे क्षेत्र दहा हजारांत आठ इतकेच कमी भरते.

सातपुड्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. क्षेत्रफळ नेहमी आडव्या पातळीतले धरतात, उताराचे नाही. तीस अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत ठेवून मोजलेले १०० मीटर आडव्या पातळीत ८६.६ मीटरच भरतात. मोजणीच्या साखळीच्या काळात म्हणूनच चढावर पायऱ्यापायऱ्यांनी, साखळी आडवी ताणून मोजत.

देशाची जमीन खरोखर वाढल्या-घटल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: १९६१ मध्ये गोवा, १९७५ मध्ये सिक्कीमचे ७,०९६ चौ. किमी. २०१५ मध्ये बांगलादेशाशी भूवेष्टित वस्त्यांची अदलाबदल झाली; आपल्या १११ वस्त्यांचे १७,१६० एकर गेले, त्यांच्या ५१ वस्त्यांचे ७,११० एकर आले. किनारपट्टी ७,५१६.६ किमीवरून ११,०९८.८१ किमी झाली ती मात्र अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशावर खाडी-वळणे पकडली गेल्यामुळे. तेवढी जमीन काही समुद्रातून वर आलेली नाही.

आपल्या दैनिकाला कळकळीची विनंती, की क्षेत्रफळाच्या प्रत्येक आकड्यापुढे वर्ष द्यावे, पाणी धरले की वगळले ते लिहावे आणि हद्द कोणत्या तारखेची ते सांगावे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. त्याआधीचा ‘धुळे जिल्हा’ आणि २०११ च्या जनगणनेतला ७,१९५ चौ. किमीचा धुळे जिल्हा एकाच तक्त्यात, एकाच नावाखाली, टीप न देता छापू नयेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले हेच तक्ते कापून वहीत चिकटवतात.

– भूमापनाचा एक अभ्यासक, अमळनेर