‘हेडस्पेस तपासला आहे’ अशी हमी देऊन विकलेल्या सदोष रायफलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘शिकारीस तयार’ म्हणून विकलेली ली-एनफिल्ड रायफल धोकादायक निघाल्यामुळे खरेदी रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

या उन्हाळ्यात मी आपल्या ऑन्टॅरिओतील दुकानातून .३०३ ब्रिटिश काडतुसाची ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ स्टार ही जुनी लष्करी रायफल विकत घेतली. तिचा पुढचा लाकडी दस्ता पूर्वीच्या कोणा मालकाने शिकारीच्या सोयीसाठी कापून आखूड केलेला आहे. परवान्याची पडताळणी आणि कागदपत्रे यांत आपल्याकडून काहीही कसूर झाली नाही, हे मी प्रथमच नमूद करतो. माझी तक्रार रायफलीच्या वर्णनाविषयी आहे. खरेदीच्या वेळी आपल्या प्रतिनिधींशी माझे सर्व बोलणे मराठीत झाले होते आणि त्यांनी दिलेली आश्वासने त्याच शब्दांत नोंदली जावीत, म्हणून हे पत्र मराठीत लिहिले आहे. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

आपल्या जाहिरातीत आणि पावतीवरही ‘हेडस्पेस तपासला आहे, नळी उत्तम, शिकारीस तयार’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. हेडस्पेस म्हणजे बंद केलेल्या बोल्टचे (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचे) तोंड आणि काडतुसाची कड नळीत जिथे टेकते ती जागा यांतील अंतर. दस्त्यावरचे ओरखडे, उडालेला काळा मुलामा आणि झिजलेली बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) मला दुकानातच दिसत होती, आणि त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. दस्ता घासून त्याला जवसाचे तेल देणे, बटप्लेट बदलणे, दस्त्याच्या आत रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा धातूचा मुख्य भाग) जिथे टेकतो त्या जागा नीट बसवून घेणे, ही कामे मी आनंदाने केली. लाँग ब्रँचच्या कारखान्यात १९४३ साली घडलेली रायफल पुन्हा उपयोगात यावी, अशी माझी मनापासून इच्छा होती. कॅनडाच्या उत्तरेकडील रेंजर्सनी (दुर्गम भागात गस्त घालणाऱ्या राखीव सैनिकांनी) हीच नंबर ४ रायफल १९४७ पासून पुढे कित्येक दशके वापरली आहे. त्यामुळे या बनावटीच्या भरवशाबद्दल मला शंका नव्हती.

पहिल्यांदा नेमबाजीच्या मैदानावर नेली तेव्हा नव्या, कारखान्यात भरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर तळापासून थोड्या वर एक चकचकीत वर्तुळ उमटलेले दिसले, आणि त्यांतील एका पुंगळीला त्याच जागी बारीक चीर गेलेली होती. मी तत्काळ गोळीबार थांबवला आणि रायफल आपल्याशी कोणताही संबंध नसलेल्या एका अनुभवी गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) तपासणीस दिली. त्यांचा लेखी अहवाल सोबत आहे. या काडतुसासाठी हेडस्पेसची लष्करी मर्यादा किमान ०.०६४ इंच आणि कमाल ०.०७४ इंच आहे. ०.०७४ च्या गेजवर, म्हणजे काडतुसाच्या जागी ठेवायच्या तेवढ्या जाडीच्या मापकावर, बोल्ट बंद होता कामा नये. या रायफलीचा बोल्ट त्या गेजवर कोणताही अडथळा न येता पूर्ण बंद होतो. लष्करी रायफलींचे चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) मुळातच ऐसपैस असते आणि त्यामुळे पुंगळी थोडी फुगते, हे मला ठाऊक आहे व अहवालातही ते मान्य केले आहे. परंतु चेंबरचा ऐसपैसपणा आणि हेडस्पेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेज फक्त हेडस्पेस मोजते.

नंबर ४ रायफलीत हा दोष सुधारण्याची सोय मूळ रचनेतच आहे. तिचे बोल्ट-हेड (बोल्टच्या टोकाचा बदलता येणारा तुकडा) ०, १, २ आणि ३ अशा क्रमांकांचे, क्रमाने किंचित लांब होत जाणारे असते, आणि झीज वाढली की पुढच्या क्रमांकाचे बसवतात. बोल्ट-हेड ० किंवा १ क्रमांकाचे असते तर मी ते स्वतःच्या खर्चाने बदलले असते आणि हे पत्र लिहिलेही नसते. पण या रायफलीला आधीच ३ क्रमांकाचे, म्हणजे शेवटचे, बोल्ट-हेड बसवलेले आहे. बोल्टच्या दांड्यावर कोरलेला क्रमांक रिसीव्हरवरील क्रमांकाशी जुळत नाही. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा आहे. तो कधी आणि कोणी बदलला हे मी सांगू शकत नाही, परंतु ज्याने ‘तपासला आहे’ असे लिहिले त्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचणे एवढे अवघड नव्हते.

त्याहून चिंतेची बाब पुढची आहे. मार्क १ स्टार प्रकारात बोल्ट-हेड सोडवण्यासाठी स्वतंत्र खटका नसतो. बोल्ट-हेड ज्या पट्टीवरून मागेपुढे सरकते त्या पट्टीतच एक खाच ठेवलेली असते. या खाचेची कड तुटणे हा या प्रकारातील सर्वज्ञात दोष आहे, आणि म्हणूनच जाणकार ही रायफल हातात घेताच प्रथम तेथे पाहतो. माझ्या रायफलीत ती कड तुटलेली आहे, त्यामुळे बोल्ट जोराने मागे ओढल्यास बोल्ट-हेड पट्टीवरून उडी मारून वर येते. जाहिरातीतील सर्व छायाचित्रे डाव्या बाजूने घेतलेली होती, आणि ही पट्टी उजव्या बाजूला असते.

नळीबद्दल थोडक्यात लिहितो. जुन्या क्षारयुक्त प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) काडतुसांनंतर गरम पाण्याने न धुतल्यामुळे नळीत गंजाचे खड्डे पडलेले आहेत. एवढ्या एका कारणावरून मी रायफल परत केली नसती, पण ‘उत्तम’ हा शब्द तिला लागू पडत नाही.

दुर्बिणीची बैठक बसवण्याचे काम आपल्याच कार्यशाळेने वेगळी मजुरी घेऊन केले. रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत पाडलेली भोके नळीच्या रेषेला समांतर नसल्याने दुर्बिणीची नेम डावी-उजवीकडे सरकवणारी चकती शेवटपर्यंत फिरवूनही गोळी लक्ष्याच्या बाजूलाच पडते. ती भोके आता बुजवता येतील, पण रिसीव्हर पूर्ववत होणार नाही.

हे सर्व मी दूरध्वनीवर सांगितले तेव्हा ‘या किमतीत आणखी काय अपेक्षा ठेवता, सौम्य काडतुसे वापरा’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही. अशा रायफली स्वस्त मिळतात त्या दस्ता कापल्यामुळे संग्राहकांच्या लेखी त्यांचे मोल उरत नाही म्हणून; त्यांतून गोळी सुरक्षितपणे सुटणार नाही, असा त्या स्वस्ताईचा अर्थ कोणीही घेत नाही. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे गोळीबाराच्या क्षणी पुंगळी आधीच काहीशी ताणली जाते. त्यात हेडस्पेस मर्यादेबाहेर असेल तर पुंगळी तळाजवळ तुटून तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. नोव्हेंबरमधील हरणाच्या हंगामात ही रायफल माझ्याच काय, माझ्याबरोबर येणाऱ्या कोणाच्याही हाती असू शकली असती.

ऑन्टॅरिओच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वस्तूत नसलेला दर्जा तिच्यात असल्याचे सांगणे ही अनुचित प्रथा ठरते आणि ग्राहकाला एक वर्षाच्या आत लेखी सूचना देऊन करार रद्द करता येतो. हे पत्र तशी सूचना समजावे. रायफलीची किंमत, दुर्बिणीच्या बैठकीची मजुरी आणि स्वतंत्र तपासणीचा खर्च या महिनाअखेरपर्यंत मला परत मिळावा. दस्त्यावर मी केलेल्या कामाचा किंवा बटप्लेटचा मोबदला मी मागत नाही. याच खेपेतील आणखी काही नंबर ४ रायफली आपल्याकडे त्याच तीन शब्दप्रयोगांनिशी विक्रीस होत्या; त्यांतील ज्या विकल्या गेल्या त्यांच्या खरेदीदारांना गेजने तपासणी करून घेण्याविषयी आपण ताबडतोब कळवावे, आणि उरलेल्यांवरील ‘हेडस्पेस तपासला आहे’ हे वाक्य प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत काढून टाकावे. ही मागणी मला माझ्या पैशांइतकीच महत्त्वाची वाटते.

रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, कुलपात ठेवली आहे. आपण दिवस कळवल्यास मी ती स्वतः दुकानात आणून देईन.

कळावे,

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, जाहिरातीची प्रत, गनस्मिथचा अहवाल, पुंगळ्यांची व पट्टीच्या तुटलेल्या कडेची छायाचित्रे, पत्राची इंग्रजी प्रत.