मेंदूच्या सुजेवर रोज पेनकिलर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूतली सूज आणि म्हातारपणीचा विसराळूपणा यावर हल्ली पेपरात, व्हॉट्सॲपवर बरंच येतंय, ते चांगलंच आहे, पण माझं मंगळवार पेठेत मेडिकल आहे आणि आता काउंटरला लोक येऊन म्हणतात, "आईला काय आठवंना झालंय, मेंदूला सूज असती म्हणं, रोजची सुजेची गोळी द्या." हे लय धोक्याचं आहे.

पाय मुरगळल्यावर येते तसली ही सूज नव्हे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, 1919 मध्ये स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांना हे नाव दिलं, राखण आणि साफसफाई हे त्यांचं काम. अल्झायमरमध्ये, म्हणजे हळूहळू आठवण जाण्याच्या आजारात, मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचतं, ते उचलायला त्या धावतात, पण वर्षानुवर्षं ते हटतच नाही, मग त्या कायम भडकलेल्या राहतात आणि त्यातून सुटणारी रसायनं चांगल्या पेशींचंही नुकसान करतात. पण याची दुसरी बाजू पण आहे ना, 2013 मध्ये ट्रेम-टू जीनमधला एक बदल सापडला, त्यात याच पेशींचं काम ढिलं पडतं आणि अल्झायमरचा धोका वाढतो. मग त्यांना सरसकट दाबून कसं चालेल?

आणि दाबून बघितलंय की. अमेरिकेत, घरच्यांपैकी कुणाला हा आजार झालेल्या सत्तरीपुढच्या सुमारे 2500 लोकांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या पेनकिलरची ट्रायल झाली, 2004 मध्ये हृदयाला धोका नको म्हणून गोळ्या थांबवल्या, अल्झायमर काही टळला नाही. इकडं रोजच्या पेनकिलरनं पोटात अल्सर होतो, किडनी जाते, बीपीच्या गोळ्या चालू असल्या तर अजून जपावं लागतं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, तर लोक रागावून दुसरीकडं जातात.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या तज्ज्ञ कमिशननं डिमेन्शियाची (अल्झायमरसारख्या स्मृती जाण्याच्या आजारांची) टाळता येण्यासारखी 14 कारणं सांगितलीत, शुगर, बीपी, सिगारेट, कमी ऐकू येणं वगैरे, त्यांच्या हिशोबानं जवळपास 45 टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील. यातलं कान तपासणं तर आपल्याकडं कुणी मनावरच घेत नाही, मशीन लावायची लाज वाटते आणि म्हातारं माणूस घरात एकटं पडतं.

तुमच्या आरोग्य पुरवणीत सुजेवर लेख येईल तेव्हा पेनकिलरची ही गोष्ट ठळक चौकटीत छापा, एवढी कळकळीची विनंती.

एक मेडिकल दुकानदार, कोल्हापूर