शिराझ चाखताना

ठाणे पश्चिम

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. 'सगळ्या रेड वाइन मला तुरटच लागतात, त्यातली चांगली कोणती हे ओळखायचं कसं?' असं विचारलंयस. परवाच ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीची एक शिराझ उघडली (शिराझ ही काळ्या द्राक्षाची एक जात, तिच्या रेड वाइनलाही तेच नाव), म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

सगळ्यात आधी तापमान बघ. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी होता. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात पंखा फिरत असला तरी पारा 30 च्या वरच असतो. त्यात शिराझमध्ये अल्कोहोल 14-14.5 टक्के. अशा उकाड्यात ओतली की नाकात आधी अल्कोहोल चढतं, फळाचा वास-चव मागे पडते आणि आपण 'फार कडक आहे बुवा' म्हणून मोकळे होतो. मी बाटली तास-सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवतो. 16 ते 18 अंशांवर ती नीट बोलायला लागते.

ग्लास एक तृतीयांशच भर. पांढऱ्या कागदावर तिरपा धरलास की रंग दिसेल: मध्ये जवळजवळ काळा, कडेला जांभळा. जांभळी कड म्हणजे वाइन अजून तरुण आहे. वय वाढेल तशी कड विटकरी होत जाते. मग ग्लास न हलवता एकदा हुंग, हलवून पुन्हा हुंग. या बाटलीला पिकलेल्या जांभळाचा दाट वास होता, मागून ओक लाकडाच्या पिंपाचा व्हॅनिला, आणि अगदी शेवटी काळी मिरी.

ही मिरी कल्पनेतली नाही बरं का. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं तेच शिराझच्या सालीतही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही. आमच्या हिला मिरी कुठेच सापडली नाही, आणि तिचं म्हणणंही तितकंच खरं होतं. त्यामुळे कुणी 'मिरी आली का?' म्हणून परीक्षा घ्यायला लागला तर बिचकू नकोस.

आता तुझा तुरटपणा. तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट द्रव्याचा, आणि या द्राक्षात तो असणारच. तो कसा आहे ते बघायचं. घोट हिरड्यांवरून फिरव. चांगलं टॅनिन जाडसर पण मऊ लागतं, कच्चं असेल तर जीभ खरखरते. जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे, ती आंबटपणाची खूण. तो नसेल तर एवढी पिकलेली वाइन जॅमसारखी चिकट होते. शेवटी गिळल्यावर थांब आणि काय आधी संपतं ते बघ, फळ की घशातली ऊब. माझ्या लेखी खरा निकाल इथे लागतो. नुसता जोर उष्ण भागातल्या कुठल्याही द्राक्षात येतो, तोल येत नाही. परवाच्या बाटलीत फळ आधी संपलं आणि ऊब रेंगाळली, ओकही जरा जास्त. तासभर काचेच्या भांड्यात मोकळी ठेवल्यावर बरीच सावरली. चांगली म्हणेन, थोर नाही म्हणणार.

बरोसाबद्दल मला आदर आहे तो तिथल्या वेलींमुळे. 1832 मध्ये तिथल्या द्राक्षशेतीचे एक आद्य प्रवर्तक जेम्स बस्बी यांनी युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या. पुढे फिलॉक्सेरा किडीने जगभरच्या बागा उजाड केल्या, पण साउथ ऑस्ट्रेलियात ती पोचली नाही. म्हणून 1840 च्या दशकात लावलेल्या काही शिराझच्या वेली तिथे अजून फळ देतात. म्हाताऱ्या वेलीला घड कमी लागतात, पण रस दाट.

पण म्हणून आपल्या नाशिकला कमी लेखू नकोस. तिथे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, थंडीच्या रात्रींत आंबटपणा टिकतो. किमतीच्या मानाने तिथली शिराझ मला कितीदा तरी जास्त आवडली आहे.

सोबत जेवण मटणाचंच ठेव, पण लाल तिखट आवर. तिखटाने अल्कोहोल आणखी जाळतं. मिरी घातलेलं सुकं मटण असेल तर त्याच्या चरबीने टॅनिन मऊ लागतं.

येताना नाशिकची एक शिराझ घेऊन ये, बरोसाची मी आणतो. दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून ओतू, म्हणजे लेबल बघून मत बनणार नाही. मात्र श्रावण लागायच्या आत ये, आमच्याकडे तो कडक पाळतात.

तुझा,
ठाणेकर मित्र