बर्फावर पीएचडी करू का म्हणतोस तर

तेजस बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस की मम्मी गॅस हायड्रेटमधे (म्हणजे आत गॅस अडकलेला बर्फासारखा पदार्थ) पीएचडी करू का, आणि मी बघू म्हणून फोन ठेवला. एक तर घरात पाहुणे होते आणि दुसरं म्हणजे ज्या विषयात माझी सगळी नोकरी गेली त्याबद्दल दोन मिनिटात हो की नाही सांगणं मला जमत नाही. म्हणून लिहिते, लांब होईल, मेसमधे जेवताना वाच.

आधीच सांगते, तू दिलेलं कारण मला पटलेलं नाही. भविष्यातलं इंधन, समुद्राखाली मिथेनचा खजिना वगैरे तू व्हिडिओत पाहिलंयस. खोटं नाहीये ते. एक घनमीटर मिथेन हायड्रेट फुटलं तर साध्या दाबाला साधारण १६० घनमीटर गॅस निघतो, आणि २००६ मधे आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळाखाली ड्रिलिंग केलं तेव्हा १२८ मीटर जाडीचा हायड्रेटवाला थर लागला होता, तेव्हा आम्ही लॅबमधे पेढे वाटले होते (आमचा त्यात काडीचा हात नव्हता, तरी). पण थर सापडणं वेगळं आणि गॅस शेगडीपर्यंत येणं वेगळं. जपानने २०१३ ला नानकाई ट्रफमधे समुद्राखालच्या हायड्रेटमधून पहिल्यांदा गॅस काढून दाखवला, तर सहाव्या दिवशी विहिरीत वाळू यायला लागली आणि बंद करावं लागलं. होणारच ना, तिथली वाळू त्या हायड्रेटनेच धरलेली असते, ते सोडवलं की वाळूही सुटते. तेव्हा नुसत्या एनर्जीसाठी येणार असशील तर येऊ नकोस, सोलरमधे जा, साक्रीकडची पॅनेल बघितलीयस ना, ऊन आपल्या खान्देशात फुकट आहे.

मला यात ओढलं ते पाण्याने. साध्या बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून बसतो आणि सहा-सहाची कडी बनते, हे तुला पाठ आहे. पण आजूबाजूला दाबाखाली गॅस असला की पाणी बहुतेक पाच-पाचची कडी करतं, त्याचे पिंजरे होतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात गॅसचा एक रेणू. गॅस आणि पाण्यात बॉंड काहीच नाही बरं का, नुसता मुक्काम. पण तो मुक्कामी नसला तर पिंजरा सहसा टिकत नाही. मिथेनच्या नेहमीच्या रचनेत ४६ रेणू पाणी आणि ८ पिंजरे, आणि ४ डिग्रीला, म्हणजे पाणी गोठायचंही नाही अशा तापमानाला, ४० बारच्या आसपास (हवेच्या दाबाच्या साधारण चाळीसपट) दाब दिला की हे टिकतं. आपले लोक केळी पिकवायच्या चेंबरमधे जो इथिलीन सोडतात ना, तोही असाच पिंजऱ्यात बसतो.

तुझ्या नानांना मी हे अमळनेरला ओट्यावर बसून समजावलं होतं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरफनं काय शिकनं शे व बेटा?" मला तेव्हा राग आला होता, पण प्रश्न बरोबरच होता आणि जवळपास सव्वाशे वर्षं जगाकडे त्याचं उत्तर नव्हतं. १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवलं की लोक ज्याला गोठलेला क्लोरीन समजतात त्यात पाणी आहे, म्हणजे ते क्लोरीनचं हायड्रेटच. १८२३ मधे फॅरडेने त्यातलं प्रमाण काढलं आणि तेच स्फटिक बंद नळीत तापवले तर हाताशी द्रवरूप क्लोरीन आला. मग पुढे सगळं कपाटात. १९३४ मधे हॅमरश्मिट नावाच्या माणसाने अमेरिकेत दाखवलं की गॅसच्या पाइपलाइन तुंबतात त्या साध्या बर्फाने नाही तर हायड्रेटने, आणि एकदम सगळ्यांना या विषयाची गरज पडली. रचना तर १९५० च्या दशकात नीट कळल्या, दोन प्रकार, झालं, विषय संपला असं वाटत असताना १९८७ मधे ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधे रिपमिस्टर आणि मंडळींनी तिसरा प्रकार काढला. आणि २०१४ मधे जर्मनीतल्या लोकांनी निऑनच्या हायड्रेटमधून निऑन हळूहळू खेचून घेऊन रिकामा पिंजरा तसाच उभा ठेवला, मी तो पेपर वाचून तुझ्या पप्पांना झोपेतून उठवलं होतं, ते अजून बोलून दाखवतात.

आता कामाचं. आमचा सेल म्हणजे जाड स्टीलचं भांडं, त्याला छोटी नीलमाची खिडकी, आत पाणी आणि वर ६० बारला मिथेन. तापमान ४ डिग्रीला आणायचं आणि बघत बसायचं. थिअरीप्रमाणे हायड्रेट व्हायला पाहिजे, पण होत नाही. तास जातात, कधी रात्र जाते, तेच पाणी तोच गॅस तेच सेटिंग आणि काल दोन तासात झालं तर आज नाहीच. मग अचानक पाण्याच्या वरच्या कडेला धुरकट साय धरते, थर्मामीटर किंचित वर उडी मारतो कारण स्फटिक होताना उष्णता सुटते, आणि दाबाचा काटा खाली यायला लागतो. ते बघितलं की रात्रीचं जागरण माफ. पण केव्हा सुरू होईल ते सांगता येत नाही, न्यूक्लिएशन, म्हणजे स्फटिकाचा पहिला कण धरणं, हा नशिबाचा खेळ आहे, म्हणून एका रीडिंगला शून्य किंमत, तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा आणि सगळ्या वेळांचा ग्राफ काढायचा. वर आणखी गंमत अशी की एकदा हायड्रेट होऊन वितळलेलं पाणी पुन्हा लवकर गोठतं, फार तापवलं नसेल तर, आणि ते का यावर अजून भांडणं चालू आहेत. तुला ज्याची घाई असते ना, रिझल्टची, पेपरची, ती इथे चालत नाही आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, क्रिकेटची टेस्ट मॅचसुद्धा तू हायलाइट्समधे बघतोस.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक कर. तुमच्या सरांना सांगून डिपार्टमेंटमधे टीएचएफचं (टेट्राहायड्रोफ्युरान, एक द्रव सॉल्व्हंट) हायड्रेट करून बघ, त्याला दाब लागत नाही, १ ला १७ या मोल प्रमाणात टीएचएफ आणि पाणी, ४ डिग्रीच्या थोडं खाली गार केलं की होतं. फ्यूम हूडमधेच कर, बाटली जुनी असेल तर आत स्फोटक पेरॉक्साइड झालाय का बघून घे, आणि हॉस्टेलच्या फ्रिजमधे चुकूनही ठेवू नकोस. वेगवेगळ्या नळ्या एकाच बाथमधे ठेव आणि कुठली कधी गोठली ते लिहीत जा. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला तर मला खरं खरं सांग, मी रागावणार नाही, चांगले विषय पुष्कळ आहेत. नाही आला तर गाईडना इंटरव्ह्यूत विचार की हाय प्रेशर सेल किती आहेत आणि सध्या रांगेत किती जण आहेत, कारण एका सेलवर चार पीएचडी असले तर तुझी तीन वर्षं सेलची वाट बघण्यातच जातील.

तुझी,
मम्मी