कॉपी झाली, परत कोण आणणार?

संपादक महोदय,

कालच्या अर्थ पुरवणीतला पावसाळ्याआधी डेटा सांभाळण्याचा लेख वाचला. रोज रात्री हार्ड डिस्कवर कॉपी, जोडीला क्लाउड, की व्यापारी निर्धास्त! लेखाखालीच क्लाउड सेवेची पाव पान जाहिरात होती, तो योगायोगच असणार.

अख्ख्या लेखात 'रीस्टोअर', म्हणजे कॉपीतून डेटा परत उभा करणे, हा शब्द एकदाही नाही. मशीद बंदरपासून लोअर परळपर्यंत कुठल्याही गाळ्यात जा, यूएसबी डिस्क सर्व्हरला बारा महिने खोचलेली दिसेल. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला की सर्व्हरबरोबर तीही लॉक. दोन डिस्क आलटून पालटून वापरायच्या, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची, हे सांगायला दोन ओळी लागल्या असत्या. क्लाउडवरचा सिंक, म्हणजे इकडचा बदल आपोआप तिकडे उतरणे, हा बॅकअप नव्हे, इथली बिघडलेली फाइल तिथल्या चांगल्या फाइलवर जाऊन बसते. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिघे एंट्री करत असताना फोल्डर कॉपी केला तर कॉपी पूर्ण झालेली दिसते आणि उघडताना एरर येते. आधी सगळ्यांना बाहेर काढून टॅलीतूनच बॅकअप घ्यायचा. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड हरवला तर शाबूत डेटाही उघडत नाही, आणि तो पासवर्ड असतो त्याच सर्व्हरवरच्या एक्सेलमध्ये.

आता थोडा हिशेब. क्लाउडवर २ टेराबाइट ठेवले आणि लाइन १०० एमबीपीएसची असेल, तर सगळे खाली उतरवायला ४४ तासांहून जास्त लागतात, तेही वेग एकदाही न पडता. दुकान दोन दिवस बंद ठेवणार का? म्हणून महिन्यातून एकदा कोऱ्या मशीनवर घड्याळ लावून सगळे उभे करून बघावे: विंडोज, त्याच आवृत्तीचा डेटाबेस, लायसन्स, मग डेटा. लायसन्सपाशीच गाडी अडते, कारण ते ज्या ईमेलवर नोंदवलेले असते तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. शेवटी शेवटच्या बिलाचा नंबर कागदी प्रतीशी आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आदल्या दिवशीच्या प्रिंटशी जुळवायचा. याला नऊ तास लागले तर दुकान पुन्हा सुरू व्हायचा तुमचा आकडा नऊ तास. एजंट काय सांगतो ते सोडा.

लेखासोबत २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुराचा फोटो होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे फक्त पुराचा विचार केला, तर कुलाब्याजवळच्या फोर्टातली कॉपी सांताक्रूझकडच्या अंधेरीला तारेल. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास दोन्हीकडची वीज गेली. यूपीएस पंधरा-वीस मिनिटे तग धरतो, तेवढ्यात सर्व्हर स्वतःहून नीट बंद व्हावा म्हणून त्याच्यासोबत यूएसबी केबल येते. बहुतेक ठिकाणी ती अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. बॅटरी संपली की डेटाबेस लिहिता लिहिता मध्येच आडवा.

मोठ्यांचेही तेच. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचे, व्यवहार ११.४० ला थांबले ते ३.४५ ला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र असून तिकडे वळले नाहीत. टेलिकॉम कंपन्या दोन होत्या, लाइन दोघींच्याही बिघडल्या, आणि कारण काय, तर रस्त्याचे खोदकाम! दुसरी लाइन घेताना कंपनीचे नाव बदलून भागत नाही, केबल इमारतीत वेगळ्या बाजूने येते का ते लेखी विचारावे. महापालिकेला खोदायला वेगळी बाजू सापडेल याची मात्र खात्री देता येत नाही.

जाता जाता, आपल्या ई-पेपरचे जुने अंक गेले तीन आठवडे उघडत नाहीत. बॅकअप असेलच.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)